पाच टेस्टवाला काय शिकवणार?

मागच्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. ताई अंबरनाथलाच राहते, फक्त ती पश्चिमेला आणि आम्ही पूर्वेला. (पुलावरून चालत गेलं तर दहा मिनिटं, रिक्षाने वीस. अंबरनाथकरांना हे गणित सांगायला नको.) आमरस होता. आमरसानंतर माणसाने वाद घालू नये हा साधा नियम मी मोडला, आणि त्याचा परिणाम म्हणजे ही पोस्ट.

विषय भाच्याचा. तो अकरा वर्षांचा आहे, दोन वर्षं गावातल्याच एका मैदानावर सरांकडे क्रिकेट शिकतोय. सर म्हणजे कोणी नामांकित नव्हेत. तरुणपणी एका कंपनीच्या टीममधून टाइम्स शील्डच्या खालच्या डिव्हिजनमध्ये कीपिंग करायचे. त्या काळात किटबॅग खांद्यावर टाकून पहाटेच्या लोकलच्या लगेज डब्यातून आझाद मैदान गाठायचं, म्हणजे साठेक किलोमीटर, आणि संध्याकाळी परत. कीपरची किटबॅग सगळ्यात जड, पॅड दोन जोड्या, ग्लोव्ह्ज दोन प्रकारचे, त्यामुळे सरांच्या मते त्यांचं निम्मं फिटनेस मध्य रेल्वेने करून दिलं. आता रिटायर झालेत. फी इतकी कमी घेतात की सांगायला लाज वाटेल, आणि ती द्यायलाही अर्धे पालक विसरतात.

भाऊजींना भाच्याला तिथून काढायचंय. बदलापूर रोडला नवी अकादमी झाली आहे. हिरवंगार टर्फ, बोलिंग मशीन, रात्रीचे लाईट, आणि गेटवर दोन मजली बॅनर. बॅनरवर भारताकडून खेळलेल्या एका बॅट्समनचा फोटो. तो वर्षातून दोनदा येतो म्हणे, एकदा उद्घाटनाला आणि एकदा बक्षीस समारंभाला. फी सरांच्या सहापट. आणि ट्रायलच्या दिवशी तिथल्या पोराने (कोच म्हणवत नाही मला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता) भाच्याला सांगितलं की कीपिंग सोड, बॅटिंगवर फोकस कर, कीपिंगने करिअर होत नाही. भाचा घरी येऊन ग्लोव्ह्ज पलंगाखाली टाकून झोपला. ताईने मला हे हळू आवाजात, स्वयंपाकघरात सांगितलं.

मग मी बाहेर आलो आणि भाऊजींना म्हणालो, "भाऊजी, कीपरकडेच शिकू द्या की त्याला. चंद्रकांत पंडित बघा."

भाऊजींनी पान लावता लावता एकच वाक्य टाकलं. "अरे, पाच टेस्ट खेळलेला माणूस तो. पाच टेस्टवाला काय शिकवणार?"

मंडळी, हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या रूपांत ऐकलंय की त्या दिवशी डोकं सटकलं. भाऊजी जावई माणूस, तिथे काही बोलता आलं नाही. म्हणून इथे बोलतो.

आधी आकडे, कारण भाऊजी अकाउंट्समध्ये आहेत. चंद्रकांत पंडित, जन्म १९६१, मुंबईचा कीपर-बॅट्समन, शिवाजी पार्कला आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेला. १९८६ ते १९९२ या काळात ५ टेस्ट आणि ३६ वनडे. पाचच का? कारण त्याच वर्षांत किरण मोरे नावाचा माणूस ४९ टेस्ट खेळून गेला. कीपरचं असंच असतं हो. बॅट्समन सहा खेळतात, बोलर चार-पाच खेळतात, कीपर एकच खेळतो. दुसऱ्या नंबरचा कीपर कितीही चांगला असला तरी तो पाणी घेऊन जातो. १९८७ च्या वर्ल्ड कपची वानखेडेवरची सेमीफायनल आठवते? वेंगसरकर आजारी पडले म्हणून पंडित आत आले, तेही बॅट्समन म्हणून, स्टंपमागे मोरेच. २४ रन्स केले. आपण ती मॅच हरलो, आणि लोकांना आठवतो तो गूचचा स्वीप. पंडित त्या मॅचमध्ये खेळले होते हे दहापैकी नऊ जणांना माहीत नसतं. (मी पैज लावून आईस्क्रीम जिंकलंय.)

आता दुसरा रकाना. कोच म्हणून रणजी ट्रॉफी सहा. मुंबईबरोबर तीन, २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६. विदर्भाबरोबर सलग दोन, २०१७-१८ आणि २०१८-१९. आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशबरोबर एक. मुंबईबरोबरच्या तीन तुम्ही सोडून द्या, मुंबईने रणजी जिंकणं म्हणजे आमच्या शेजारच्या काकूंनी रांगोळी स्पर्धा जिंकणं. पण विदर्भ? त्याआधी विदर्भ एकदाही फायनलला गेला नव्हता. एकदाही नाही. मध्य प्रदेशने त्या नावाने एकदाही रणजी जिंकली नव्हती. (होळकरांच्या टीमने जिंकल्या होत्या, पण तो वेगळा जमाना.) दोन अशा टीम ज्यांच्या कपाटात ट्रॉफी नव्हती, आणि तिथे एकच माणूस गेला.

विदर्भाची ती पहिली टीम जरा आठवून बघा. कॅप्टन फैज फझल, बरोबर चाळिशीला टेकलेला वसीम जाफर, आणि रजनीश गुरबानी, जो सिव्हिल इंजिनिअर आहे. (आपल्या जातीचा माणूस! :-)) कर्नाटकविरुद्ध ईडन गार्डन्सवर सेमीफायनल, पाच रन्सने जिंकली, गुरबानीच्या शेवटच्या डावात सात विकेट. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध फायनल, गुरबानीची हॅटट्रिक. आणि त्या फायनलमध्ये विदर्भाकडून सेंच्युरी कोणी मारली? अक्षय वाडकरने. कीपर. तोच वाडकर पुढे विदर्भाचा कॅप्टन झाला, २०२३-२४ च्या फायनलला वानखेडेवर मुंबईविरुद्ध चौथ्या डावात सेंच्युरी मारून शेवटपर्यंत झुंजला आणि हरला, आणि पुढच्याच वर्षी, २०२४-२५ ला, नागपुरात त्याने ट्रॉफी उचलली. कीपिंगने करिअर होत नाही म्हणे!

आता मुद्द्याकडे येतो. कीपर आणि कोचिंग यांचा संबंध काय?

२०२३ मध्ये प्रोजेक्टच्या कामासाठी मी चार महिने डॅलसला होतो. तिथली बेसबॉलची टीम म्हणजे टेक्सास रेंजर्स, आणि नेमकं त्याच वर्षी ते इतिहासात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकले. ऑफिसमध्ये दुसरं बोलणंच नव्हतं. मला बेसबॉल म्हणजे गिल्ली-दांडूचा श्रीमंत भाऊ इतकंच माहीत. क्लायंटकडचा एक म्हातारा डेटाबेसवाला होता, त्याने मला शेजारी बसवून टीव्हीवर एक आख्खी मॅच समजावली. तो म्हणाला बॉलकडे बघू नकोस, कॅचरकडे बघ. फिल्डिंग करणारे नऊ जण, त्यातले आठ जण आत बघतात. एकटा कॅचर बाहेर बघतो. आख्खं मैदान समोर असलेला तो एकटाच. पिचरने कुठला बॉल टाकायचा ते तो मांड्यांमध्ये बोटं दाखवून सुचवतो. (२०२२ पासून बटणांचं यंत्र आलंय, पण बोटं अजून गेलेली नाहीत.) बॅटर पायांची जागा बदलला का, पिचर दमला का, तिकडे बेसवरचा पळायच्या बेतात आहे का, सगळं त्याच्या डोक्यात. आणि हे सगळं उकिडवं बसून, शंभर-सव्वाशे बॉल.

आणि रेंजर्सचा मॅनेजर कोण होता? ब्रूस बोची. (तिथे हेड कोचला मॅनेजर म्हणतात.) हा बोची खेळाडू म्हणून नऊ सीझन मोठ्या लीगमध्ये होता, पण बहुतेक वेळ राखीव कॅचर. बॅटिंग सामान्य. खेळाडू म्हणून त्याचं कार्ड कोणी जपून ठेवलं नसेल. मॅनेजर म्हणून मात्र सॅन फ्रान्सिस्को जायंट्सबरोबर २०१०, २०१२, २०१४ अशा तीन वर्ल्ड सिरीज, मग रिटायरमेंट, मग त्यातून परत येऊन २०२३ ला रेंजर्सबरोबर चौथी. मला तर ऐकताना सारखे पंडितच दिसत होते. एक मुंबईचा आणि एक तिकडचा, दोघांची मिशी तेवढी वेगळी.

बोची एकटा नाही. कॉनी मॅक नावाचा कॅचर होता, तो फिलाडेल्फियाच्या एकाच टीमचा मॅनेजर म्हणून १९०१ ते १९५० अशी पन्नास वर्षं बसला. (आमच्याकडे मॅनेजर अठरा महिन्यात जातो.) यांकीजना १९९६ ते २००० मध्ये चार वर्ल्ड सिरीज मिळवून देणारा जो टोरी हाही मुळात कॅचर. अमेरिकेत हे इतकं मुरलंय की कॅचर रिटायर झाला की लोक विचारतात, कोच कधी होणार?

आणि आपल्याकडे? आपल्याकडेही हेच झालंय, फक्त आपण बघितलं नाही. २०१५ ते २०२० या काळात मुंबईचे रणजी कोच कोण होते बघा. पंडित, मग समीर दिघे, मग विनायक सामंत. तीनही कीपर, एकामागोमाग एक. त्याआधी २०१२-१३ ला मुंबई जिंकली तेव्हा कोच सुलक्षण कुलकर्णी. कीपर. हे दिघे म्हणजे २००१ ला चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या दिवशी दोन विकेट राखून जिंकलो ना, त्या डावात २२ नॉटआउट राहिलेले. विनिंग शॉट हरभजनचा, फोटो हरभजनचा. दिघे दुसऱ्या टोकाला. किरण मोरे बडोद्याला अकादमी चालवतात, पंड्या भाऊ तिथे घडले. बाहेर बघायचं तर इंग्लंडला २०१०-११ ला ऑस्ट्रेलियात अॅशेस जिंकून देणारा अँडी फ्लॉवर कोण? झिम्बाब्वेचा कीपर. २०२४ ची आयपीएल कोलकात्याने जिंकली तेव्हा कोच पंडित, २०२५ ची बंगळुरूने जिंकली तेव्हा कोच फ्लॉवर. सलग दोन वर्षं दोन कीपर. भाऊजी, हे पाच टेस्टवाले!

कारण साधं आहे. कसोटीच्या एका दिवसात नव्वद ओव्हर, म्हणजे पाचशे चाळीस बॉल. स्लिपवाला गप्पा मारू शकतो, फाइन लेगवाला प्रेक्षकांकडून चॉकलेट घेऊ शकतो, कीपरला पाचशे चाळीस वेळा बसून उठावं लागतं आणि प्रत्येक बॉल आपल्याकडेच येणार असं समजून बघावं लागतं. बॉल हातातून कसा सुटला, शिवण कुठे होती, बॅट्समनचा पुढचा पाय कुठे पडला, बोलरचा खांदा तिसऱ्या स्पेलमध्ये खाली आलाय का. बॅट्समन आउट झाला की ड्रेसिंग रूममध्ये जाऊन पॅड काढतो, आपल्या डावाचा विचार करतो. कीपर मात्र दोन्हीकडच्या बावीस जणांचा खेळ अगदी जवळून बघत असतो, वर्षानुवर्षं. यालाच तर कोचिंग म्हणतात ना? दुसऱ्याचा खेळ बघणं?

आणि त्याबद्दल त्याला मिळतं काय? स्कोअरकार्डवर कॅच आणि स्टंपिंग येतं हे खरं. पण रोजचं काम, ते चारशे-पाचशे बॉल शांतपणे ग्लोव्ह्जमध्ये घेणं, त्याचा रकानाच नाही. रकाना कशाचा आहे? बायचा. म्हणजे चुकलात तरच नोंद. माझी पहिली पाच वर्षं प्रॉडक्शन सपोर्टला गेली, त्यामुळे मला हे जरा जास्तच कळतं. सिस्टिम रात्रभर चालली तर कोणी मेल करत नाही की वा, काय चालली! पडली की मात्र पहाटे तीनला चौदा जण कॉलवर. पुढे टीम लीड नेमायची वेळ आली तेव्हा तिथल्या साहेबांनी नवीन मॉड्यूल लिहिणाऱ्या एका हुशार पोराला नेमलं. पोरगा खरंच हुशार, माझा मित्रच आहे. पण सिस्टिम कुठे कुठे दुखते ते त्याला माहीत नव्हतं, आणि सहा महिन्यांनी तो स्वतःच म्हणाला की मला परत कोड लिहू द्या रे. "सपोर्टवाला काय लीड करणार" हे वाक्य मी तेव्हा मीटिंग रूमच्या दाराबाहेर उभं राहून ऐकलं होतं. म्हणून म्हटलं, डोकं सटकलं. असो.

आता तुमच्यातले हुशार लोक म्हणतील की हा सोयीची उदाहरणं उचलतोय. बरोबर आहे, थोडी उचलतोय. गॅरी कर्स्टन ओपनर होता, १०१ टेस्ट, सात हजारांवर रन्स, आणि २०११ चा वर्ल्ड कप आपण त्याच्याच हाताखाली जिंकला. मान्य. मोठा खेळाडू असणं हा काही गुन्हा नाही. पण मग ग्रेग चॅपेलही घ्या. टेस्टमध्ये २४ सेंच्युरी, त्या बॅटिंगपुढे कर्स्टनही लहान, आणि २००७ च्या वर्ल्ड कपला आपण पहिल्या राउंडमध्ये बांगलादेशकडून हरून घरी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप जिंकलो, तेव्हा टीमबरोबर क्रिकेट मॅनेजर म्हणून कोण होतं? लालचंद राजपूत. मुंबईचे. किती टेस्ट? दोन. यांनीच पुढे अफगाणिस्तानला कोचिंग केलं आणि त्याच काळात, २०१७ ला, अफगाणिस्तानला टेस्टचा दर्जा मिळाला.

आणि सगळ्यात गंमत, अमोल मुझुमदार. हा कीपर नव्हे, बॅट्समन, त्यामुळे माझ्या कीपरवाल्या थिअरीला हा छेद देतो हे मला कळतंय. फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर रन्स आणि टेस्ट शून्य. १९८८ ला आझाद मैदानावर सचिन आणि कांबळीने ६६४ ची पार्टनरशिप केली तेव्हा पुढचा नंबर याचा होता. पॅड बांधून बसला होता, बसूनच राहिला. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा त्यांचा कोच हाच. शून्य, दोन, पाच. भाऊजींच्या हिशोबाने या तिघांना गल्लीतही कोणी ठेवलं नसतं. मला वाटतं कीपिंग हा एक भाग झाला, खरा भाग म्हणजे पॅड बांधून बसणं. ज्याला स्वतःचा नंबर येत नाही तो दुसऱ्याचा खेळ बघायला शिकतो. कीपरला हे रोजच करावं लागतं, मुझुमदारला नशिबाने करायला लावलं.

२०२२ ची रणजी फायनल या दृष्टीने परत बघा. बंगळुरूचं चिन्नास्वामी. एका बाजूला मुंबई, कोच मुझुमदार. दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश, कोच पंडित. दोघेही आचरेकर सरांचे विद्यार्थी. मुंबईचे ३७४, सरफराजची सेंच्युरी. मध्य प्रदेशचे ५३६, दुबे, शुभम शर्मा, पाटीदार अशा तीन सेंच्युरी. शेवटच्या दिवशी १०८ हवे होते, सहा विकेट राखून केले. आणि पंडित मैदानात येऊन रडले. पोरांनी खांद्यावर घेतलं.

ते का रडले हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९९८-९९ ची रणजी फायनल, तेच चिन्नास्वामी मैदान. मध्य प्रदेश विरुद्ध कर्नाटक. मध्य प्रदेशचे कॅप्टन चंद्रकांत पंडित. पहिल्या डावाची आघाडी मध्य प्रदेशकडे, म्हणजे मॅच नुसती ड्रॉ राहिली असती तरी ट्रॉफी त्यांची. शेवटच्या दिवशी टिकून राहायचं एवढंच काम. विजय भारद्वाजने सहा विकेट काढल्या आणि मध्य प्रदेश ९६ रन्सने हरलं. तेवीस वर्षांनी तोच माणूस त्याच मैदानावर त्याच राज्याला घेऊन परत गेला. मी तो व्हिडिओ ऑफिसच्या बसमध्ये बघितला आणि खिडकीकडे तोंड करून बसलो.

मधलाही एक प्रसंग सांगितला पाहिजे. २०१६-१७ च्या फायनलला मुंबई गुजरातकडून हरली. चौथ्या डावात ३१२ चा पाठलाग करताना पार्थिव पटेलने १४३ मारले. (पार्थिव कोण? कीपर आणि कॅप्टन. सोडा आता.) आदल्या वर्षी ट्रॉफी जिंकून दिलेला, या वर्षी फायनलला नेलेला कोच, आणि मुंबईने पंडितांना पुढे ठेवलं नाही. एक फायनल हरली म्हणून. मुंबईचे पाच टेस्टवाले विदर्भाला गेले आणि पुढच्या दोन वर्षांत काय झालं ते वर लिहिलंच आहे. मी स्वतः मुंबईचा फॅन, तरी त्या दोन वर्षी मनातून विदर्भ जिंकावा असं वाटत होतं. बाय दिला की नोंद होते ती अशी.

पंडित संत आहेत असं मी म्हणत नाही. त्यांची शिस्त कडक, फार कडक. कोलकात्याला असताना परदेशी खेळाडूंनाही ती झेपली नाही, नामिबियाचा डेव्हिड वीसा २०२४ मध्ये उघडपणे त्याबद्दल बोलला. २०२५ मध्ये कोलकाता आणि ते वेगळे झाले. रणजीच्या पोरांना जे चालतं ते वर्षाला कोट्यवधी घेणाऱ्या तिशीतल्या माणसाला चालेलच असं नाही. खरं सांगायचं तर असा मॅनेजर मला मिळाला तर मी नोटीस पिरियड मोजायला लागेन. आमचे अंबरनाथचे सरही उशीर झाला तर मैदानाला फेऱ्या मारायला लावतात, आणि भाचा दोनदा उलटी करून आलाय हे ताईचं म्हणणं खोटं नाही. हा दोष कीपर असण्यातूनच येतो की काय कोण जाणे. ज्याने आयुष्यभर एकही बॉल सोडला नाही त्याला दुसऱ्याने सोडलेला बघवत नाही.

पण भाऊजींचा आक्षेप शिस्तीला नव्हताच. तसा असता तर मी गप्प बसलो असतो. त्यांचा आक्षेप नावाला होता. बॅनरवर कोणाचा फोटो लावायचा, सोसायटीत सांगायचं काय, अमुकच्या अकादमीत जातो म्हणायचं की कुठल्या तरी रिटायर्ड माणसाकडे जातो म्हणायचं. आपण सगळेच हे करतो. पोरांचा क्लास निवडताना सर स्वतः बोर्डात कितवे आले होते ते विचारतो. त्यांच्या हाताखालून मागच्या बाकावरचा कोणी पुढे आला का, हे कोणी विचारत नाही. सचिनला शिकवणाऱ्या आचरेकर सरांची टेस्ट किती? एकही नाही. हे माहीत असूनही आपण बॅनर बघूनच चेक फाडतो.

त्या फोटोतल्या बॅट्समनवर माझा राग नाही. तो चांगलाच खेळायचा, त्याच्या एका डावासाठी मी कॉलेजचं प्रॅक्टिकल बुडवलंय. पण तो वर्षातून दोनदा येऊन पोरांना काय देणार? सेल्फी. आणि आमचे सर काय देतात सांगू? मागच्या महिन्यात मी मैदानावर गेलो होतो. भाचा कीपिंग करत होता आणि लेग साईडचा प्रत्येक बॉल त्याच्या हातातून सुटत होता. सर लांब झाडाखाली खुर्चीवर. दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग उठून आले, भाच्याच्या डोक्यावरची कॅप काढून घेतली आणि परत जाऊन बसले. बस. कॅपचा पुढचा भाग जरा मोठा होता, उकिडवं बसून मान वर केली की त्याला बोलरचा हात सुटतानाचा दिसतच नव्हता, बॉल अर्ध्या वाटेत आल्यावर दिसायचा. कॅप काढली आणि पुढच्या पाचातले चार धरले. मी शेजारी उभा असून मला दिसलं नाही, आणि मी स्वतः टेनिस बॉलला आठ वर्षं कीपिंग केलंय. बोलिंग मशीनला तरी दिसलं असतं का?

हे मी भाऊजींना सांगितलं. म्हणजे रविवारी नाही, बुधवारी फोनवर, शांतपणे. पंडित, बोची, फ्लॉवर सगळे बाजूला ठेवले आणि फक्त कॅपची गोष्ट सांगितली. भाऊजी थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण रे, उद्या अंडर-फोर्टीनच्या सिलेक्शनला ओळख लागते. ती कुठून आणायची?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोटं कशाला बोलू. दादरच्या पोराला चालत मैदान गाठता येतं, आमच्या पोराला पन्नासएक किलोमीटर उभं राहून जायचं असतं, आणि सरांना तिकडे आता कोणी विचारत नाही. बॅनरवाल्याच्या एका फोनने जे होईल ते सरांच्या दहा वर्षांच्या मेहनतीने होणार नाही, हे भाऊजींचं म्हणणं चूक नाही. चूक आहे ती सिलेक्शन करणाऱ्यांची, पण त्याची किंमत भाचा भरणार. हे मला रविवारी आमरसाच्या नादात सुचलं नव्हतं.

अॅडमिशनचा फॉर्म अजून ताईच्या फ्रीजवर मॅग्नेटखाली आहे. भरायची शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारची. ग्लोव्ह्ज पलंगाखालून बाहेर आलेत असं कळलं. भाऊजी या रविवारी सकाळी सातला पहिल्यांदाच सरांच्या मैदानावर येणार आहेत. मी त्यांना एवढंच सांगितलंय की बाकीच्या पालकांसारखे बाकावर बसू नका, खुर्ची घेऊन कीपरच्या मागे, जाळीपाशी बसा. ऊन तोंडावर येतं तिथे. टोपी आणतो म्हणालेत.